सिनॉलॉजी डीएस२२३: पेटी ठीक आहे, बॅकअप रेंगाळतो तो दुसऱ्याच कारणानं

बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप असो, टिळकवाडीतलं कर सल्लागाराचं ऑफिस असो, शहापुरातला फोटो स्टुडिओ असो की निपाणी-चिकोडीकडची पतसंस्था. पाच-दहा कॉम्प्युटरच्या जागेत बॅकअपचा विषय निघाला की दोन डिस्कची नॅस पेटी (लॅनला जोडून सगळ्या कॉम्प्युटरांनी वापरायची डिस्कची पेटी) सुचवली जाते आणि त्यात सिनॉलॉजीच्या डीएस२२३ चं नाव बऱ्याचदा येतं. पेटी बसते आणि थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते: रात्री आठला बॅकअप लावला, सकाळी दहाला बघावं तर अजून चाळीस टक्क्यांवरच. खापर पेटीवर फुटतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. पेटी बहुतेक वेळा निर्दोष असते. खोट स्विचमध्ये (लॅनच्या वायरी एकत्र येतात त्या डब्यात), वायरीत, डिस्कच्या निवडीत नाहीतर फायलींच्या संख्येत असते. आणि ती शोधायला कोल्हापूर-हुबळीहून कुणाला बोलवावं लागत नाही.

आधी पेटीत काय आहे ते. रिअलटेकचा आरटीडी१६१९बी प्रोसेसर, चार कोर, १.७ गिगाहर्ट्‌झ. रॅम २ जीबी, ती वाढवता येत नाही. एकच गिगाबिट लॅन पोर्ट. यूएसबी ३.२ चे तीन पोर्ट, त्यातला एक पुढच्या बाजूला कॉपीच्या बटणाशेजारी. डिस्क पुढून ट्रेमध्ये सरकवायच्या, त्यासाठी पेटी खोलावी लागत नाही. हिच्यापेक्षा स्वस्त डीएस२२३जे मिळते आणि प्रोसेसर तोच आहे म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. तिच्यात रॅम १ जीबी, डिस्क बसवायला सांगाडा उघडायचा, आणि मुख्य म्हणजे बीटीआरएफएस ही डिस्कवर डेटा मांडायची पद्धत (फाइल सिस्टिम) नाही. बीटीआरएफएस नाही म्हणजे सिनॉलॉजीचं ॲक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस चालणार नाही. डीएस२२३ घेण्याचं सगळ्यात मोठं कारणच ते सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे वाचलेले पैसे इथे महागात पडतात.

आता वेगाचा हिशोब. लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल कॉपी होताना विंडोज मेगाबाइट दाखवतं. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट. गिगाबिट लॅनवर कागदोपत्री सेकंदाला १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात मोठी फाइल असेल तर ११० च्या आसपास. डीएस२२३ तेवढा वेग देते, त्यापुढे जाऊ शकत नाही, कारण पोर्टच एक आहे. १०० मेगाबिटच्या लॅनवर कमाल साडेबारा, हातात पडतात साधारण ११. म्हणजे ६०० जीबीचा पहिला पूर्ण बॅकअप एका ठिकाणी दीड तासात होतो आणि दुसऱ्या ठिकाणी पंधरा तास घेतो. पेटी तीच, डिस्क त्याच.

म्हणून आधी एक चार-पाच जीबीची एकच फाइल, एखादा व्हिडिओ वगैरे, पेटीवर कॉपी करून बघायची आणि आकडा लिहून ठेवायचा. निम्मं निदान तिथेच होतं. ११ वर स्थिर असेल तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटची अडचण आहे. ३० ते ४० वर अडत असेल आणि मध्ये यूएसबीची डिस्क असेल तर ती यूएसबी २ च्या पोर्टला किंवा केबलला लागली आहे. सुरुवातीला ११० आणि काही वेळानं एकदम घसरगुंडी, तर डिस्क बघा. मोठी फाइल झरझर जाते पण रोजचा बॅकअप रखडतो, तर फायलींची संख्या बघा. आकडा सारखा वरखाली नाचत असेल तर वायर नाहीतर वायफाय. वायफायवरून बॅकअप लावलाच असेल तर पुढचं वाचायच्या आधी वायर ओढा, २.४ गिगाहर्ट्‌झवर, दोन भिंतींपलीकडे, चार-पाच मेगाबाइट मिळाले तरी नशीब.

११ चा आकडा आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो, त्यामुळे त्यावर जरा थांबू. पहिला संशयित म्हणजे फायबरच्या कनेक्शनबरोबर आलेला ओएनटी डबा. त्याला दोन किंवा चार लॅन पोर्ट असतात आणि बरीच ऑफिसं त्यालाच स्विच समजून सगळ्या वायरी तिथे खोचतात. या डब्यांच्या स्वस्त मॉडेलांत एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० मेगाबिट. पोर्टाखाली 'जीई' आणि 'एफई' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एफई म्हणजे १००. पेटी आणि कॉम्प्युटर दोन्ही या डब्यावर असतील तर इंटरनेट कितीही जोरात असो, बॅकअप ११ नंच होणार. उपाय साधा: वेगळा गिगाबिट स्विच घ्या, पेटी आणि सगळे कॉम्प्युटर त्यावर, आणि ओएनटीला फक्त एक वायर.

स्विच घेताना मॉडेल नंबर वाचा. टीपी-लिंकमध्ये 'एसएफ' नं सुरू होणारे १०० मेगाबिटचे आणि 'एसजी' वाले गिगाबिट. डी-लिंकमध्ये 'डीईएस' आणि 'डीजीएस' असा तोच फरक. डबे दिसायला सारखे, आणि काउंटरवर 'आठ पोर्टचा स्विच द्या' एवढंच म्हटलं तर जो हाताशी येईल तो मिळतो. सीसीटीव्हीवाल्यानं लावलेला पीओई (लॅनच्या वायरीतूनच वीज देणारा) स्विचही असाच: कॅमेऱ्यांचे पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचे, अपलिंकचे एक-दोन गिगाबिट. त्यातल्या रिकाम्या पोर्टात बिलिंगचा कॉम्प्युटर खोचलेला असतो. डेस्कवरच्या आयपी फोनमधून कॉम्प्युटरला वायर नेली असेल तर फोनचा आतला पोर्टही बघा, जुने फोन १०० चेच.

स्विच गिगाबिट आहे, पेटी गिगाबिट आहे, तरी ११? मग वायर. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी क्रिम्पमध्ये (टोकाला दाबून बसवलेल्या प्लगमध्ये) नीट बसली नसली की दोन्ही बाजूंची उपकरणं आपापसात ठरवून १०० वर उतरतात. कुठेही एरर येत नाही, नेट चालतं, टॅली चालतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसते का बघा, आणि पेटीवर कंट्रोल पॅनलमधल्या नेटवर्क इंटरफेसमध्ये '१००० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स' असं आहे का ते (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीनं). कुणी कधी कार्डाचा वेग हातानं '१०० फुल' असा बांधून ठेवला असेल तर तो परत ऑटोवर आणा. एक बाजू बांधलेली आणि दुसरी ऑटो असली की ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स धरते आणि वेग ११ सुद्धा राहत नाही.

क्रिम्पिंगची एक खास चूक सांगायलाच हवी. घराचं वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन लॅनची वायरही तशीच जोडतो: रंगाशेजारी रंग, जोडीशेजारी जोडी, दोन्ही टोकांना सारखं. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही दिवे ओळीनं लावतो आणि काम पास होतं. पण पिन ३ आणि ६ ही एकाच जोडीची असायला हवीत. ओळीनं जोडलं की ती दोन वेगळ्या जोड्यांत जातात, पीळ निरुपयोगी होतो आणि सिग्नल एकमेकांत मिसळतात. बरोबर क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लग डोळ्यांसमोर धरून बघा. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळी जोडी बसलेली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर दोन्ही टोकं कापून नव्यानं करा, आणि पीळ सोडवायचा तो जेमतेम अर्धा इंच.

वायर तांब्याची आहे का हेही तपासा. बाजारात 'कॅट ६' छापलेली, पण आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल भरपूर खपते. ब्लेडनं तार खरवडली की आत पांढरट दिसते. खरं तांबं खरवडलं तरी लालच राहतं. मुलाम्याच्या तारेचा रोध जास्त, क्रिम्पपाशी ती लवकर मोडते, आणि लांब पल्ल्यावर गिगाबिट टिकत नाही. ऑफिसच्या टेबलाजवळ पाच मीटरला खपून जाईल, शेडपर्यंत साठ मीटरला नाही.

उद्यमबाग आणि मच्छेच्या वर्कशॉपांत आणखी एक भानगड असते. ऑफिसातून शॉप फ्लोअरकडे जाणारी लॅन केबल थ्री फेजच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली असते. सीएनसीचे ड्राइव्ह, वेल्डिंग मशीन, फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस चालू झाली की पॅकेट खराब होतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि वेग कोसळतो. ओळखायची खूण अशी की रविवारी बॅकअप धावतो आणि शिफ्ट चालू असताना रांगतो. केबल पॉवर लाइनपासून निदान फूटभर दूर घ्या, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. अंतर जास्त असेल तर फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर हा पक्का इलाज. फक्त कन्व्हर्टर गिगाबिटचेच घ्या, १०० मेगाबिटचेही त्याच डब्यात विकतात. तांब्याच्या लॅनची हद्द १०० मीटर, मध्ये जोड देऊन ती वाढत नाही.

दोन इमारतींमध्ये गच्चीवरून लोंबकळत नेलेली तांब्याची केबल असेल तर वेग बाजूलाच राहो, पोर्ट वाचवा. एप्रिल-मेच्या वळवात वीज जवळ कडाडली की स्विचचा किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट कधी पूर्ण मरतो, कधी अर्धवट जिवंत राहून १०० वरच चालतो. वळवानंतर अचानक ११ चा आकडा दिसू लागला तर आधी दुसरा पोर्ट वापरून बघा. तिथेही फायबरच बरी, तिच्यातून करंट येत नाही. खानापूरकडच्या पावसात जूनपासून प्लगच्या पिना हिरव्या पडतात, त्याला मात्र नवा प्लग एवढाच उपाय.

वायर निर्दोष आहे की नाही याचा निकाल हवा असेल तर आयपर्फ ३ हा लॅनचा वेग मोजणारा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. पेटीची वायर काढून तीच एका लॅपटॉपला लावा, त्यावर आयपर्फ सर्व्हर म्हणून चालवा, आणि ज्या कॉम्प्युटरचा बॅकअप अडतो तिथून चाचणी घ्या, दोन्ही दिशांनी. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर वायर-स्विचचा विषय संपला. ९४ आलं तर वाटेत १०० आहेच. तीन-चारशेवर नाचत असेल तर वायर किंवा पॉवर लाइनची ढवळाढवळ. या चाचणीत डिस्कचा काही संबंध येत नाही, म्हणून ती आधी करायची.

आता डिस्क. पेटी घेताना बजेट संपतं आणि डिस्क 'आहेत त्यातल्या' घेतल्या जातात. सीगेट बॅराकुडाच्या २, ४ आणि ८ टीबीच्या डेस्कटॉप डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कही तशाच असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. डिस्क आधी एका राखीव भागात भराभर लिहून घेते आणि तो भरला की जुनं वाचून परत लिहीत बसते. त्यामुळे सुरुवातीला ११० आणि काही जीबी झाल्यावर वीस, दहा, कधी शून्य. पेटीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणाऱ्या रेड (RAID) जोडीतली एक डिस्क बदलली तर ती पुन्हा भरायला (रीबिल्डला) दिवसच्या दिवस. सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस घ्या, दोन्ही सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या, आहेत. नुसतं 'रेड' नको, 'रेड प्लस'. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

पहिल्या दिवशी वेग कमी दिसला तर घाबरू नका, मागे रेड (RAID) सिंक, म्हणजे दोन डिस्क एकमेकींशी जुळवणं, चालू असतं. स्टोरेज मॅनेजरच्या ग्लोबल सेटिंग्जमध्ये सिंकचा जोर कमी-जास्त करता येतो. आधी सिंक संपू द्यावं आणि मग पहिला पूर्ण बॅकअप घ्यावा हे उत्तम.

दोष कधी पेटीतल्या डिस्कचा नसून कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कचा असतो. बॅकअप रोज त्याच टक्क्यावर अडकत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. 'कॉशन'ची पिवळी खूण आणि पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्याच्या वर दिसला की वेगाची चर्चा थांबवा आणि आधी तातडीचा डेटा बाहेर काढा.

हिशोबाच्या ऑफिसात मात्र खरा घोळ फायलींच्या संख्येचा. पंधरा-वीस वर्षांच्या क्लायंटांची फोल्डरं, स्कॅन केलेली चलनं, टॅलीचा डेटा: सगळं मिळून १० जीबी, पण फायली दोन लाख. हत्तरगीच्या टोलनाक्यावर एक ट्रक टोल भरून निघून जातो, तोच माल तीनशे टेम्पोंत भरून आणला तर रांग संकेश्वरपर्यंत. लॅनवर प्रत्येक फाइल उघडणं, नाव-तारीख-परवानगी लिहिणं, बंद करणं असे फेरे होतात, वर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगतो. सेकंदाला तीस फायली गेल्या असं धरलं तरी दोन लाखांना दोन तास जवळजवळ. तिथे मेगाबाइटचा आकडा एकच्या खाली दिसला तरी तो वायरीचा दोष नाही.

त्याला दोन उपाय. साधी कॉपी चालू ठेवायची असेल तर विंडोजमधली रोबोकॉपी ही कमांड वापरा, 'एमटी' (/MT) या पर्यायानं सोळा थ्रेड द्या, म्हणजे सोळा फायली एकदम जातील. आकडा न सांगता दिला तर तो आठ घेतो. 'झेड' (/Z) पर्याय काढून टाका, तो अडखळत्या नेटवर्कसाठी आहे आणि वेग खातो. 'मिर' (/MIR) वापरताना सांभाळा, मूळ जागी पुसलेलं पेटीवरूनही पुसलं जातं. चांगला उपाय म्हणजे ॲक्टिव्ह बॅकअपचा एजंट. तो फायली मोजत नाही, डिस्कचे ब्लॉक वाचतो. पहिल्यांदा सगळं घेतो आणि नंतर फक्त बदललेले ब्लॉक. उघडी टॅली, उघडं एक्सेल यांचा बॅकअपही तो विंडोजच्या शॅडो कॉपीमुळे घेतो. परवाना फी नाही. इथे डीएस२२३ ला पूर्ण गुण.

पण २ जीबी रॅमची मर्यादा इथेच जाणवते. सगळ्या कॉम्प्युटरांना एकाच वेळी रात्री नऊची वेळ देऊ नका. अर्ध्या तासाच्या फरकानं लावा आणि एका वेळी एक-दोनच चालू द्या. दोन डिस्कवर आठ ठिकाणांहून एकदम लिहिलं की डोकं इकडून तिकडे धावतं आणि सगळेच हळू होतात. कॉम्प्युटर झोपी जात नाही ना हेही बघा. अर्ध्या 'स्लो बॅकअप'च्या तक्रारी स्लीप मोडच्या असतात. अँटिव्हायरसच्या अपवादात बॅकअपचा प्रोग्रॅम टाका, डेटाचं फोल्डर नको.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर प्रो आवृत्तीत एसएमबी सायनिंग (लॅनवर शेअर फोल्डर उघडताना पॅकेटवर केलेली खात्रीची सही) सक्तीचं झालं. पासवर्डशिवाय उघडणारी शेअर फोल्डरं बंद पडली ती त्यामुळेच, आणि प्रत्येक पॅकेटवर सही करण्याचा भार पेटीच्या छोट्या प्रोसेसरवर आला. सायनिंग बंद करण्यापेक्षा पेटीवर प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड काढा. एसएमबीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ट्रान्सपोर्ट एन्क्रिप्शन सक्तीचं केलं असेल आणि सगळं ऑफिसच्या आतच असेल तर ते मात्र काढता येईल. जंबो फ्रेमला, म्हणजे पॅकेटचा आकार १५०० वरून ९००० बाइट करण्याच्या सेटिंगला, हात लावू नका. गिगाबिटवर फायदा थोडा, आणि एक उपकरण ९००० वर व बाकी १५०० वर राहिलं तर कॉपी मध्येच गोठते.

पेटीला यूपीएस हवाच. हेस्कॉमची वीज गेली आणि पेटी धाडकन बंद पडली की पुढच्या चालूला ती डिस्क तपासत बसू शकते, आणि त्या दिवशीचा बॅकअप रखडतो. यूपीएसची यूएसबी केबल पेटीला जोडली तर ती स्वतःहून सुरक्षित बंद होते. स्विच आणि ओएनटीही त्याच यूपीएसवर घ्या.

निपाणीची शाखा बेळगावच्या पेटीवर व्हीपीएनमधून थेट फोल्डर उघडून बॅकअप करत असेल तर तो बेत सोडा. एका फाइलला दहा फेरे आणि फेऱ्याला ३० मिलिसेकंद धरले तर ५० हजार फायलींना चार तास नुसते फेऱ्यांतच जातात, डेटा वेगळाच. शाखेत छोटी पेटी ठेवा आणि तिच्यातून मुख्य पेटीकडे सिनॉलॉजीचाच हायपर बॅकअप हा प्रोग्रॅम लावा. अपलोड २० मेगाबिट असेल तर तासाला ९ जीबी. म्हणून ५०० जीबीचा पहिला बॅकअप यूएसबी डिस्कवर घेऊन गाडीनं आणा, नेटवरून फक्त रोजचा फरक जाऊ द्या.

कुणी घ्यावी? पाच ते आठ कॉम्प्युटरचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा, डीटीपीचं दुकान यांना डीएस२२३ पुरते. लग्नाचे व्हिडिओ थेट पेटीवरून एडिट करणाऱ्या स्टुडिओनं घेऊ नये. एका गिगाबिट पोर्टवर दोन एडिटर बसले की दोघेही वैतागतात, त्यांनी २.५ गिगाबिट किंवा त्यावरची पेटी आणि तसाच स्विच घ्यावा. पेटीची हमी दोन वर्षांची, आयर्नवुल्फ आणि रेड प्लसची तीन वर्षांची आणि ती डिस्कच्या कंपनीकडे. तेव्हा पेटी आणि डिस्क एकाच बिलात 'नॅस सेट' म्हणून लिहून घेऊ नका. तिन्हींचे सीरियल नंबर बिलावर वेगवेगळे हवेत, नाहीतर डिस्क बदलून घेताना हेलपाटे पडतात.